गाव तटस्थ राहील

गावकीची वही माझ्या हाती आली ती माझ्या अक्षरामुळे. मी महाडला अकरावीत होतो. शनिवारी दुपारच्या एसटीने पोलादपूरला यायचं, तिथून पायवाटेने डोंगर चढून घरी, आणि सोमवारी उजाडायच्या आत परत उतरायचं. आमच्या वाडीतलं कुणी तोवर अकरावीपर्यंत पोचलं नव्हतं. वही लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला तसे गावकीचे अध्यक्ष, ज्यांना लहानमोठे सगळे आबा म्हणत, एका शनिवारी आमच्या अंगणात येऊन बाबांना म्हणाले, "तुझ्या पोराचं अक्षर बघितलं. छापल्यावानी हाय. आता त्यानंच लिवावं." त्या संध्याकाळी बाबा कारण नसताना दोनदा पाणवठ्यावर जाऊन आले. वाटेत भेटेल त्याला सांगता यावं म्हणून.

गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक. देवळाच्या मंडपात भरायची. बांधावरून झालेली भांडणं, पालखी आधी कुणाच्या दारात जायची, कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली, सगळं तिथं निघायचं आणि वहीत उतरायचं. वहीची एक नक्कल मुंबईला जायची. गावातले निम्मे पुरुष मुंबईत होते आणि त्यांचं तिथं मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी ते एका खोलीत जमायचे, नक्कल मोठ्याने वाचायचे आणि मान्य असल्याचं कळवायचे. मी लिहिलेलं मुंबईत वाचलं जातं, या कल्पनेने मला गुदगुल्या व्हायच्या. मी तालुक्याच्या कचेरीतल्या नोटिसा उभ्या उभ्या वाचायचो आणि त्यातले शब्द उचलून आणायचो. 'सदर', 'उपरोक्त', 'सर्वानुमते'. बैठकीत माणसं एकमेकांची आईबहीण काढायची आणि मी वहीत लिहायचो, 'सविस्तर चर्चा झाली.'

आमचं घर आणि शिवरामकाकांचं घर एकाच ओळीत, अंगण एकच. शिवरामकाका बाबांचे चुलतभाऊ. माणूस अबोल. सांगायचं ते एकदा सांगणार, पुन्हा नाही. त्याची सगळी कसर काकी भरून काढायची. सकाळी चूल पेटवताना तिचं बोलणं सुरू व्हायचं ते रात्री भांडी पालथी घालेपर्यंत. कोंबड्यांशी बोलायची, उखळाशी बोलायची, न हटणाऱ्या धुराला शिव्या घालायची. आई इकडून भाकरी थापता थापता तिला उत्तरं द्यायची. मी शनिवारी अंगणात पाऊल टाकलं की काकी ओरडायची, "आला गो तुझा कालेजवाला! काय रे, आता इंग्लिशमदी खोकतोस काय?" आणि आई आतून, "खोकू दे गो, खोकायची पण फी भरलीय." काकीच्या हातची सुकटीची चटणी घातलेली नाचणीची गरम भाकरी मी उंबऱ्यावर बसून खायचो. पावसाच्या तोंडी ती रानातून शेवळं आणायची. ती घशाला खाजतात म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवायची, आणि पहिली वाटी माझ्या पुढ्यात. तिची रेखा तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. माझ्या आधी वाटी कुणाला मिळत नाही म्हणून ती रुसायची. आज हे लिहिताना मला ती चव आठवत नाही. वाटी आठवते, चव नाही. आठवावी असा हक्क उरलेला नाही, असं कधी कधी वाटतं.

त्या हिवाळ्यात देवळाचं छप्पर नवीन करायचं ठरलं आणि महाडहून कौलांचा टेम्पो आला. तेव्हा रस्ता डोंगराच्या पायथ्यापर्यंतच होता. टेम्पो चालवणारा महाडच्याच एका मोहल्ल्यातला तरुण मुसलमान पोरगा होता. गाडी मागे घेताना आबांच्या पुतण्याचं वासरू चाकाखाली आलं. पुतण्याने आणि आणखी दोघांनी त्या पोराला खाली ओढून टेम्पोतल्या फळीने मारलं. त्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. कौलं उतरवायला पंधरा-वीस माणसं होती, बाबाही होते. सगळ्यांनी सांगितलं, पोरगा टपावरून पडला. शिवरामकाकांना विचारलं तेव्हा त्यांनी पाहिलं ते सांगितलं. तीन नावं घेतली. बाबा नंतर घरी येऊन म्हणाले, "शिवरामला काय झालं काय म्हाईत. कुठल्या कोण पोरासाठी घरच्यांची नावं?" आई म्हणाली, "मग खोटं काय बोलला तो?" बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेले.

गावकी बसली. मंडपात माणसं एवढी की मी खांबाला पाठ लावून मांडीवर वही घेऊन बसलो होतो. "गाव पोलिसांत नेलं," हे वाक्य मी त्या दिवशी निदान तीस वेळा ऐकलं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "वाळीत टाका," आणि तो शब्द सगळ्या मंडपाने उचलला. इथवर सगळं जुन्या वळणाने चाललं होतं. पण मुंबईहून रजेवर आलेला एक जण उभा राहिला. तो म्हणाला, "टाका, पण तसं लिहू नका. पोलीस केस चालू आहे. कागद कुणाच्या हातात गेला तर वाळीत टाकलं म्हणून आपणच लफड्यात येऊ." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे सुधीर, तू शिकलेला. काय लिवायचं सांग."

मी सतरा वर्षांचा होतो आणि चाळीस बाप्ये माझ्या तोंडाकडे बघत होते. मला एवढंच कळत होतं की या क्षणी मला शब्द सुचला पाहिजे. कुणासाठी, कशासाठी, हे मनातही आलं नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता, दोन देशांच्या लढाईत तिसरा देश काय करतो त्याचा. मी म्हणालो, "तटस्थ लिहूया."

"म्हंजे?"

"म्हणजे आपण त्यांच्या बाजूचे नाही, आणि विरोधातही नाही. मधे."

"मधे," आबा म्हणाले. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात फिरवला. "तटस्थ. झकास. भांडण नाय, तंटा नाय. आपलं आपण. लिव."

मी लिहिलं. 'श्री. शिवराम यांच्या संदर्भात गाव यापुढे तटस्थ राहील, असे सर्वानुमते ठरले.' काकांना बाहेर पारावर बसवलं होतं, त्यांना आत बोलावलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी उभा राहून स्वच्छ आवाजात वाचलं. काकांनी ऐकून घेतलं. मग आबांना नाही, मला विचारलं, "म्हंजे वाळीत?"

मी वहीत बघितलं.

"नाय रे," आबा म्हणाले, "वाळीत कोण बोललं? तटस्थ."

"वाळीत टाकायचं तर टाका. पण तसं तोंडानं बोला. काय केलंत ते मला समजू दे तरी." काका एवढंच बोलले आणि चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या.

वाळीत या शब्दाबद्दल मला प्रेम आहे असं कुणी समजू नये. तो घाण शब्द आहे, घाण प्रथा आहे, आता त्यावर कायदा आहे आणि तो आधीच यायला हवा होता. पण माझ्या हातून काय झालं ते सांगायचं तर त्या शब्दाचं एक खरं सांगावं लागतं. त्याला कडा होत्या. वाळीत टाकलेल्या घरी लग्नाला जायचं नाही, त्याच्या शेतात लावणीला जायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, हे ठरलेलं. तसंच, मयताला जायचं आणि आजाऱ्याला उचलायचं हेही ठरलेलं. तिथे वाळीत संपायचं, त्यावर कधी चर्चासुद्धा होत नसे. आणि त्यातून बाहेर पडायची वाट होती. देवळात नारळ ठेवायचा, मान खाली घालायची, सुटलं. शिवाय टाकणाऱ्यालाही तो शब्द टोचायचा. आपण एका माणसाला बाहेर काढलंय, हे प्रत्येक घराला माहीत असायचं, आणि म्हणूनच बायका परसातून गुपचूप ताक पोचवायच्या. मी आणलेल्या शब्दाला यातलं काहीच नव्हतं. तो कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तटस्थपणा सोडवायला कुठल्या देवापुढे नारळ ठेवायचा? आणि तो कुणाला टोचतही नव्हता. उलट चार महिन्यांत अख्खं गाव एखाद्या निवाडा करणाऱ्या हाकिमासारखं चालायला लागलं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. शनिवारी घरी आलो की पाणवठ्यावर दिसायचं. काकी हंडा घेऊन आली की बायका बाजूला सरकायच्या, त्यांच्या तोंडावर ना राग ना लाज. एकीने तर तिला समजावलं, "आमचं तुझ्याशी भांडण नाय गो, आम्ही आपलं तटस्थ." पोरं खेळताना रेखाला म्हणायची, "तू नको, आम्ही तटस्थ हाव." त्या शब्दाचा 'स्थ' त्यांच्या तोंडात नीट बसतही नव्हता, आणि मी मनातल्या मनात तो सुधारत होतो. मला अभिमान वाटत होता. हे वाक्य खोडावं असं आत्ता तीनदा वाटून गेलं. मुंबईहून मंडळाचं उत्तर आलं, 'निर्णय समंजस आहे,' आणि ते आबांनी मला वाचायला लावलं. काकीचं चुलीपुढचं बोलणं बंद झालं होतं. सकाळी त्यांच्या बाजूने नुसता उखळाचा आवाज यायचा. आई भाकरी थापता थापता मधेच थांबायची, उत्तर द्यायची सवय होती म्हणून. एकदा ती मला म्हणाली, "सुधीर, त्या तुझ्या शब्दात ताक देता येतं काय रे?" मी म्हणालो, "आई, तसं नसतं. तुला नाही कळायचं." ती म्हणाली, "नाय कळत म्हणून तर विचारते."

आषाढातला तो दिवस रविवार होता. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. बाहेर पाऊस लागलेला, गावभर लावणी चाललेली. गावात एकमेकांच्या शेतावर सगळे मिळून जात, पण काकांच्या शेतावर त्या वर्षी काका आणि काकी दोघंच. काकी रोपांचं ओझं डोक्यावर घेऊन वरच्या शेतातून उतरत होती, पाय घसरला आणि ती दोन बांध खाली आली. गुडघ्याखालचं हाड मोडलं. काकांनी तिला पाठीवर घेऊन अंगणात आणली आणि ओसरीवर ठेवली. तिचं ओरडणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गाय विते आहे.

आमच्याकडे आजारी माणसाला रस्त्यापर्यंत न्यायची एकच रीत होती. जाड बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस निजवायचा आणि चौघांनी खांदे बदलत डोंगर उतरायचा. त्याला डोली म्हणायचे. कोरड्या दिवसांत पाऊण तास, पावसात दीड. मधे एक ओढा. चौघांच्या खाली ते काम होत नाही. काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली. शेवटी आमच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "दादा, चार माणसं द्या रे. तिचा पाय गेलाय." बाबांना ते दादा म्हणत. आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा हाक मारली होती.

बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. मी पाहिलं, ते उठायला निघाले होते. एक गुडघा वर घेतलाच होता. मग समोरच्या घरात आबांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिलेला त्यांना दिसला, आणि गुडघा तसाच राहिला. आई आतून हात पुसत आली. "अवो, उठा की."

"गावकीचं ठरलंय."

"काय ठरलंय? बाय वरडते तिकडं."

"कागद मुंबईला गेलाय. उद्या आपल्यालाच विचारतील." मग बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या आवाजात विनवणी होती, हे मला फार उशिरा कळलं. "काय रे सुधीर? तू लिवलंयस. वाळीत असता तर आजाऱ्याला उचलायला गेलो असतो. ह्यात काय हाय? तटस्थ म्हंजे आजाराला पण?"

मी आयुष्यात हजारो कागद लिहिले. मी सरकारी नोकर आहे. पाणी घरात शिरलेलं असताना 'पूरसदृश परिस्थिती' लिहिलं आहे. माणसं ओरडून गेली, त्याचं 'निवेदन प्राप्त झाले' केलं आहे. त्या सगळ्यांबद्दल मला थोडंफार वाईट वाटतं. पण माझ्या आयुष्यात एकच वाक्य असं आहे की ते मी परत तोंडात घालू शकलो असतो तर उरलेलं सगळं दिलं असतं. बाबांना माझ्याकडून एक अक्षर हवं होतं. नाही, एवढंच. आजाराला नाही. तो शब्द माझा होता, त्याचा अर्थ मी सांगेन तो होता, गावात दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नव्हता. आणि मी शाळेत उत्तर दिल्यासारखा म्हणालो, "तटस्थ म्हणजे कुणाचीच बाजू घ्यायची नाही. आत्ता गेलो तर बाजू घेतल्यासारखं होईल."

बाबांनी गुडघा खाली ठेवला.

आईने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, मारलं नाही. खुंटीवरचं इरलं घेतलं, पदर कमरेला खोचला आणि अंगणात उतरली. बाबा म्हणाले, "कुठं चाललीस गो?" ती न वळता म्हणाली, "मला नाय तुमचा शब्द समजत. मी अडाणी." काकांनी बांबूचं पुढचं टोक उचललं आणि मागचं माझ्या आईने. घोंगडीत काकी. बाजूने रेखा आपल्या आईचा मोडका पाय दोन्ही हातांनी धरून चालत होती. वाडीतल्या प्रत्येक दारात माणसं उभी होती. मी ओसरीवरून पाहिलं. बाबा खाली पाहत सुपारी कातरत राहिले. इतकी कातरली की तिचा भुगा झाला. खालच्या वळणावर ते तिघं आणि डोली दिसेनाशी झाली, तरी काकीचं ओरडणं बराच वेळ येत होतं. कुणी दार लावून घेतलं नाही. लाज वाटली असती तर लावलं असतं.

ओढ्यात आईचा पाय घसरला. डोली खडकावर आदळली आणि हाड कातडी फोडून बाहेर आलं. महाडच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पहिल्या मारात पाय नीट जुळला असता, या दुसऱ्या मारामुळे गेला. पाय कापावा लागला नाही, पण वाकडा जुळला आणि आखूड राहिला. मी त्या सोमवारी महाडला उतरलो नाही, आणि ओढ्यात झालं ते आईने संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं, एकाच आवाजात, भिंतीकडे बघत. तिचा खांदा सोलला होता. तिने चूल पेटवली नाही. बाबा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" मी पाणी घेऊन गेलो तर तिने तांब्या घेतला नाही. म्हणाली, "शिकलास तू. झ्याक शिकलास." माझ्या आईने मला आयुष्यात केलेली शिवीगाळ म्हणजे हे एवढंच वाक्य. आपण पाय घसरून पडलो म्हणून काकीचा पाय गेला, हे तिने मरेपर्यंत स्वतःकडे ठेवलं. माझ्याकडे त्यातला वाटा कधी मागितला नाही.

त्यानंतर गावकी बसली. विषय असा की आमच्या घरातून ठराव मोडला गेला का. वही माझ्याकडेच होती. मला लाज असती तर मी ती आबांच्या अंगावर फेकली असती. मी लिहिलं, 'एका घरातील महिलेने वैयक्तिक पातळीवर मदत केली, त्याचा गावाच्या भूमिकेशी संबंध नाही.' सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं. बाबांचं घर वाचलं. माझी पाठ थोपटली. दिवाळीच्या आत काका घर बंद करून बिरवाडीला गेले, कारखान्यांच्या बाजूला भाड्याच्या खोलीत. तिथे त्यांना एका कंपनीच्या गेटवर पहाऱ्याचं काम मिळालं. टेम्पोवाल्या पोराची केस पुढे मिटली की मिटवली, ते मला माहीत नाही. गावाची भूमिका मात्र अजून मिटलेली नाही. आमच्या वाडीचा मोबाईलवर ग्रुप आहे. कुणाच्या घरी काही वाईट घडलं आणि बोलणं अंगाशी येईल असं वाटलं की आजही कुणीतरी लिहितं, 'आपण तटस्थ राहू.' खाली दहा जण नमस्काराचे हात जोडतात. तो शब्द कुठून आला हे त्यांना ठाऊक नाही. मी दर वेळी ठरवतो लिहीन म्हणून, आणि फोन उपडा ठेवतो.

आई दर दिवाळीनंतर बिरवाडीला जायची. तांदळाचं पीठ, पोहे, घरच्या भाज्या. मला कधी चल म्हणाली नाही. काका वारले तेव्हाही एकटीच गेली. आई गेली तिला आता दोन वर्षं झाली. पहिली दिवाळी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवाळीनंतर पिशवीत पीठ भरलं आणि बसमध्ये बसलो. पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

रेखाने दार उघडलं. तीही आता पोक्त बाई, नवरा कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेला. काकी खाटेवर बसली होती, वाकडा पाय पुढे पसरून. डोळ्यांनी कमी दिसत असावं, पण आवाज तोच. "सुधीर ना रे तू? ये. तुझ्या आयेवानी चालतोस. बस." आणि आत वळून, "रेखे, तिघांचं टाक गो, बांगडे हायत ते पण तळ. जेवल्याबिगर जायचं नाय रे." मी पिशवी खाली ठेवली. तिने पिठात हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "तिनं पाखडून दिलं असतं. असू दे."

मी घरून वाक्यं तयार करून आणली होती. "काकी, तेव्हा जी परिस्थिती निर्माण झाली..."

"कसली परिस्थिती?"

"म्हणजे गावाकडून तुमच्या बाबतीत जे घडलं..."

"गाव काय चालत येतं व्हय? माणसं होती. त्यांना नावं हायत. आबा होता, तुझा बा होता, त्यो आबाचा पुतण्या होता. मला एक एक दार ठाऊक हाय कोण कुठं उभा होता ते." ती थांबली. मग तिचा आवाज खाली आला. "तुझ्यावर माझा राग नाय रे. तू पोर होतास. मोठ्यांनी सांगितलं ते लिवलंस. आणि तुझ्या आयेनं एकटीनं डोली उचलली माझी. तिचा पोरगा म्हटल्यावर तुझ्यावर कसला राग?"

आत तव्यावर बांगडा पडला, चर्र आवाज झाला. मी गप्प बसलो असतो तर जेवलो असतो. तिने मला क्षमा केलेली होती, मागायच्याही आधी, आणि ती खरी होती. फक्त ती दुसऱ्याच कुणाला केलेली होती.

"काकी, बाबा उठले होते," मी म्हणालो. "त्यांनी मला विचारलं, आजाऱ्याला उचलायला जाता येतं का. मी नको म्हणालो. मी नको म्हणालो म्हणून ते बसले. ते आणखी दोघातिघांना घेऊन आले असते. काका हाका मारत होते तेव्हा मी ओसरीवर होतो. मी ऐकत होतो. मी आलो नाही."

तिचा हात पिठाच्या पिशवीवर होता, तो तिने उचलून मांडीवर घेतला.

"किती वर्साचा होतास?"

"सतरा."

"आयेला ठाऊक होतं?"

"तिच्यासमोरच बोललो."

"दर दिवाळीला यायची," काकी म्हणाली. "इथं, ह्या खाटंवर बसायची. माझा पाय चेपायची. कधी बोलली नाय." तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "तिनं गप बसून त्या गावात मला एक माणूस ठेवला होता, तू. तू बोललास ते कुणासाठी रे?"

 

काकीने पाय हातांनी उचलून जवळ घेतला आणि आतल्या बाजूला हाक दिली. "रेखे, दोघींपुरतंच वाढ गो. सुधीर निघाला."